मदत हवी: पेरू-लिंबाचे शेंडे पिळवटतायत, पपईच्या पानांचे तर दोरे झालेत (करवीर, कोल्हापूर)

भोगावतीकाठची:

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा, लांबण लागणार आहे.

करवीर तालुक्यात भोगावतीच्या बाजूला आमचं रान आहे. सगळं उसाखाली. त्यातला घरामागचा दहा गुंठ्यांचा तुकडा मी आणि नवऱ्यानं भांडून मोकळा करून घेतला आणि गेल्या पावसाळ्यात घरच्यापुरती फळझाडं लावली. भांडून म्हणते, कारण उसाचं रान मोडून आंबा लावणं म्हणजे सासऱ्यांच्या मते हातानं नुकसान करून घेणं. त्यामुळे झाडं मेली तर दुःख आहेच, वर ऐकून घ्यावं लागेल ते वेगळं.

केसर आंब्याची सहा कलमं, सरदार पेरू चार, लिंबं तीन, कालीपत्ती चिकू दोन, एक फणस. बांधाला दोन नारळ, विहिरीजवळ केळी, मधल्या जागेत पपईची आठ-दहा रोपं. जमीन काळी, पण वरच्या अंगाला. २०१९ च्या पुरात पाणी इथवर चढलं नव्हतं. पावसाळ्यात चर काढून पाणी बाहेर घालवलं, एकही रोप दगावलं नाही. थंडीत सगळी झाडं झकास होती.

महाशिवरात्र झाली आणि बिघडलं. आधी पपई. शेंड्याची नवी पानं उघडायलाच तयार नाहीत, पात्याचा भाग गेलाय आणि नुसते दोरे लोंबतायत. देठ वेडेवाकडे वळलेत. मग पेरूचे कोवळे शेंडे माना टाकल्यासारखे खाली वळले, पण सुकलेले नाहीत, हात लावला तर कडक लागतात. लिंबाची नवी पानं अरुंद आणि खोलगट. त्यातलं एक खुडून उजेडात धरलं तर शिरा एकमेकींना चिकटून सरळ टोकाकडे गेलेल्या, मधे हिरवा भाग जवळपास नाहीच. पान उलटं करून मुलाच्या भिंगातून पाहिलं. कोळी नाही, मावा नाही, पांढरी माशी नाही. आंब्याची जुनी पानं ठीक आहेत, दोन कलमांची नवी पालवी मात्र पिळलीय. चिकू आणि फणस अजून तरी बरे.

कृषी सेवा केंद्रात फोटो दाखवले. दुकानदार म्हणाला व्हायरस, आणि तीन बाटल्या हातात दिल्या: एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक टॉनिक. वर म्हणाला पसरायच्या आत सगळी रोपं उपटा. बाटल्या अजून फोडलेल्या नाहीत.

प्रश्न असे की हे नक्की काय आहे? उपटायची का ठेवायची? आणि जाता जाता, एका केसरला एवढ्यातच मोहोर आलाय. सासूबाई म्हणतात पहिला आंबा अंबाबाईला न्यायचा, मोहोराला हात लावायचा नाही. ठेवू का काढू? उन्हाळ्यात पाणी किती द्यायचं तेही सांगा, शेतीची लाईट कधी रात्री तर कधी दिवसा, त्यामुळे रोज जमेलच असं नाही.

माळावरचा:

बोकड्याच हा, पानं आकसवणारा रोग. मिरचीवर येतो तसा. पपईवर रिंगस्पॉट हा व्हायरस आला की औषध नाही, मावा एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. पपई आजच उपटून जाळून टाका, बाकीच्याचं नंतर बघू.

आजऱ्याचा काजूवाला:

लिंबावर नागअळी असेल. पानावर चांदीसारखी वाकडीतिकडी रेघ दिसते का बघा. दिसली तर निंबोळी अर्क मारा, काम भागेल.

मोहोर मात्र काढा, वहिनी. पहिली तीन-चार वर्षं कलमाचं सगळं बळ मुळात आणि खोडात जायला पाहिजे. बोटभर जाडीच्या काडीला आंबे लागले की फोटो छान येतो, झाड खुरटतं. देवीला या वर्षी बाजारातला आंबा न्या, ती काही रागवायची नाही.

शिरोळकर:

ताई, बाटल्या फोडू नका आणि पपई जाळायचीही घाई नको. आधी हे सांगा. नारळ आणि केळी कशी आहेत? कुंपणावर वाल, दोडका, शेवगा असलं काही आहे का, आणि त्याची पानं कशी दिसतात? झाडं सगळीकडे सारखी बिघडलीत का एका बाजूला जास्त? आणि शेजारच्या उसात तणनाशक कधी मारलं?

भोगावतीकाठची:

दादा, तुम्ही विचारल्यावर मुद्दाम फिरून आले.

नारळ, केळी एकदम ताजी. बांधावरचं हत्ती गवत तर माजलंय. वालाचा वेल मात्र पिळलाय आणि शेवग्याची पालवीही चुरगळलीय, ते मी पाहिलंच नव्हतं. पश्चिमेच्या ओळीतली झाडं जास्त खराब, घराकडची कमी. चिकू-फणस घराच्याच बाजूला आहेत.

पश्चिमेला चुलत दिरांचा खोडवा आहे, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस. ऊस तुटून गेला, पाचट पेटवलं, पाणी दिलं आणि तण उगवल्यावर त्यांनी औषध मारलं हे खरं. महाशिवरात्रीच्या थोडं आधी. त्या संध्याकाळी घरात फिनेलसारखा उग्र वास येत होता, सासूबाईंनी खिडक्या लावायला लावल्या होत्या. नागअळीची रेघ कुठेच नाही.

शिरोळकर:

मग व्हायरस नाही आणि बोकड्याही नाही. माझ्या मते टू-फोर-डी या तणनाशकाचा झटका आहे.

कारण सांगतो. पपईचा रिंगस्पॉट पपईवर आणि काकडी-दोडक्याच्या जातीवर येतो. तोच रोग पेरू, लिंबू, वाल, शेवगा या सगळ्यांना एकाच वेळी गाठत नाही. शिवाय रिंगस्पॉटमध्ये पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतात, देठावर तेलकट रेघा असतात, फळावर गोल वळी उठतात. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

टू-फोर-डी हे झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करणारं रसायन आहे. रुंद पानाच्या झाडात गेलं की शेंड्याची वाढ ताळतंत्र सोडून होते. देठ पिळतात, पानं दोऱ्यासारखी होतात, शिरा एकत्र येतात. गवताच्या कुळाला, म्हणजे उसाला ते पचतं, म्हणून तर उसात मारतात. नारळ-केळीही एकदल, म्हणून ती वाचली. एकदल हिरवीगार आणि द्विदल पिळलेली, तीही वाऱ्याच्या बाजूची जास्त, असं दिसलं की संशय तिकडेच जातो. सांगली-तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना विचारा, शेजारी ऊस असला की त्यांची झोप उडते.

यात सोडियम सॉल्ट, अमाईन सॉल्ट आणि ईथाईल ईस्टर असे प्रकार मिळतात. ईस्टर उडणारं असतं. फवारताना वारं पडलेलं असलं तरी नंतर ऊन तापलं की त्याची वाफ होऊन बांध ओलांडते. उग्र वास त्याचाच असण्याची शक्यता जास्त. त्यात एचटीपीच्या, म्हणजे जोराच्या दाबाच्या पंपाच्या गननं मारलं असेल तर विचारायलाच नको, बारीक तुषार कुठल्या कुठे जातात.

आता उपाय. उतारा नाही. तीन बाटल्यांतली एकही यावर चालत नाही, बिलासकट परत करा. फवारा पडला त्याच दिवशी पानं धुतली असती तर थोडा उपयोग झाला असता, आता धुऊन काही नाही. पिळलेलं पान सरळ होणार नाही, ते सोडून द्या. पुढची पालवी कशी येते त्यावर निकाल. लगेच छाटणी करू नका, कुठवर मार बसलाय ते अजून दिसायचंय. नवी फूट आली की वाळलेलं तेवढं काढा. युरिया अजिबात नको, आधीच शेंडा वेडावलाय, त्याला आणखी हाकलायला नको. पाणी नियमित, ताण बसू देऊ नका. पेरू बहुतेक सावरेल. लिंबाचा अंदाज मृगाच्या पालवीला येईल. आंब्याची जुनी पानं चांगली असतील तर काळजी नाही. पपई सगळ्यात नाजूक, जिचा शेंडाच काळा पडला ती काढा. आणि पपईला आत्ता फळं असतील तर ती खाऊ नका, जनावरांनाही घालू नका.

खात्री हवी असेल तर पिळलेल्या फांद्या, सोबत वालाचा वेल आणि चांगलं नारळाचं पान असं सगळं घेऊन कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. तुम्हाला तेच जवळ. हातकणंगले बाजूच्यांना तळसंदे. नुसता एका पपईचा फोटो दाखवला की कोणीही व्हायरसच म्हणणार.

माळावरचा:

शिरोळकर म्हणतात ते बरोबर वाटतंय. नारळाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पपई जाळा म्हटलेलं मागे घेतो.

पंचगंगेचा गडी:

गूळ, ताक आणि गोमूत्र एकत्र करून फवारा, आठवड्यात फरक. आमच्याकडे सगळ्याला तेच.

शिरोळकर:

गड्या, ताक तू पी. पिळलेल्या झाडावर कसलाही फवारा आत्ता नको. जीवामृत मुळाशी द्यायचं तर द्या, त्यानं जमिनीचं बरं होईल, पण औषध म्हणून नव्हे.

भोगावतीकाठची:

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः शिरोळकर दादांचे. बाटल्या परत केल्या. दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण घेतल्या.

आता खरी पंचाईत दुसरीच. खोडवा चुलत दिरांचा. बांधावरून आधीच दोन पिढ्यांचं धुसफुसत आलंय, आता कुठे लग्नकार्याला येणं-जाणं सुरू झालंय. नवरा म्हणतो गप्प बस, पुढच्या वर्षी बघू. पण पुढच्या वर्षीही खोडव्यात तेच औषध येणार. काय बोलू आणि कसं?

आजऱ्याचा काजूवाला:

भावकी आणि टू-फोर-डी, दोन्हीवर उतारा नाही. 😄

गंमत सोडा. नुकसानभरपाईचा विषय काढू नका, पंचनामा-तक्रार तर नकोच. त्यांनी मुद्दाम केलेलं नाही, त्यांच्या रानात त्यांनी रीतसर औषध मारलंय. दिरांना चहाला बोलवा आणि झाडं दाखवा. आधी नारळ दाखवा, मग वाल. शेतकरी माणूस आहे, त्याला शब्दांत सांगायची गरज पडणार नाही.

शिरोळकर:

बोलताना मागणी छोटी ठेवा. औषध बंद करा म्हणू नका, मजूर मिळत नाहीत हे खरंच आहे. ईस्टरऐवजी सोडियम किंवा अमाईन सॉल्ट वापरा, सकाळी वारं पडलेलं असताना मारा, गन नको, पाठीवरचा पंप आणि नोझलला हूड लावून जमिनीलगत, आणि मारायच्या आदल्या दिवशी एक फोन करा, एवढंच. बांधालगतच्या चार-पाच सऱ्या खुरप्यानं भांगलून घ्यायची मजुरी तुम्ही देतो म्हणा. दहा गुंठ्यांच्या बांधाला खर्च फार येत नाही आणि त्यांचाही मान राहतो.

तुमच्या बाजूनं पश्चिमेच्या बांधाला हत्ती गवताची दाट पट्टी वाढवा. ते या औषधाला दाद देत नाही, तुषार बरेचसे अडवतं, आणि जनावरांना वैरण. झाडांपासून मात्र सात-आठ फूट लांब ठेवा, नाहीतर गवतच खत-पाणी खाऊन टाकेल.

भुदरगडची मावशी:

मी उशिरा वाचलं. पाण्याचं कोणी सांगितलंच नाही, म्हणून लिहिते.

काळ्या रानात पहिल्या वर्षाच्या कलमाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर पुरे. रोज घालू नका, काळी माती ओल धरते आणि मुळं कुजतात. पाणी खोडाशी ओतायचं नाही, फांद्यांच्या टोकाखाली गोल आळं करून त्यात. द्यायच्या आधी चार बोटं माती उकरून बघा, ओल हाताला लागली तर त्या दिवशी राहू दे. लाईटचा भरवसा नसेल तर प्रत्येक झाडाशी एक मडकं पुरा, बुडाला भोक पाडून वात घाला, भरून ठेवलं की दोन-तीन दिवस झिरपत राहतं.

आळ्यात पाचटाचा चार बोटं थर द्या, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी थेट सालीला लागते. आणि पाचट टाकणार असाल तर आगीचं बघा. कारखाने अजून चालू आहेत, आजूबाजूचे ऊस तुटतील आणि पाचट पेटेल. बांधालगत पाच-सहा फुटांची पट्टी खरवडून साफ ठेवा. आमच्या गावात दरवर्षी कुणाची ना कुणाची कलमं अशीच होरपळतात आणि मग सगळे वाऱ्याला दोष देतात.

वळवाच्या आधी प्रत्येक कलमाला दोन्ही बाजूंनी काठ्या लावून सुतळीनं सैल बांधा. आमच्याकडचा वळीव झाड बघून येत नाही. आणि कलमाच्या जोडावरची प्लास्टिकची पट्टी काढलीय का? बरेच जण विसरतात, खोड जाड झालं की ती आत रुतते. जोडाच्या खालून फूट आली असेल तर तीही काढा, ती गावठी खुंटाची असते आणि वरच्या केसरला मारून टाकते.

भोगावतीकाठची:

मावशी, तुमचं वाचून तशीच रानात गेले. चार कलमांची पट्टी तशीच होती, एकाच्या सालीवर वळ उठलाय. कात्रीनं कापून काढली. खुंटाची फूटही दोन ठिकाणी निघाली, आंब्याचीच पानं म्हणून आम्ही तिला कौतुकानं वाढवत होतो!

दीर काल येऊन गेले. काजूवाल्या दादांनी सांगितलं तसं आधी नारळ, मग वाल दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले माझ्या मागच्या अंगाच्या शेवग्यालापण असंच झालंय, मला वाटलं थंडीनं. औषध ईस्टरच होतं आणि गननंच मारलेलं. पुढच्या वेळी आधी फोन करतो म्हणाले. भांगलणीची मजुरी घ्यायला मात्र तयार नाहीत, त्यावर नवऱ्याचं आणि त्यांचं अजून चालू आहे.

मोहोर मी सासूबाई मार्केटला गेल्या होत्या तेव्हा काढला. पेरूला खालच्या डोळ्यातून नवी फूट दिसतेय, पान सरळ आहे. पपईच्या तीन रोपांचा शेंडा गेला, ती काढली. लिंबाचं काय होतं ते मृगानंतर इथेच कळवते. तोवर एक सांगा: सालीवर जिथे पट्टीचा वळ उठलाय तिथे बोर्डो पेस्ट लावू का, आणि प्रमाण काय घेऊ?

भुदरगडची मावशी:

साल फाटली असेल तरच लावा, नुसता वळ असेल तर झाड स्वतः भरून काढतं. प्रमाण एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. तुम्हाला एवढं लागणार नाही, शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि एक लिटर घ्या. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा, लोखंडी बादली नको, प्लास्टिकची घ्या. केलेलं त्याच दिवशी संपवा.