'टार्गेटेड किलिंग'ला मराठीत काय म्हणावं?

शाईदौत:
गाझा आणि लेबनॉनवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात 'टार्गेटेड किलिंग' पानोपानी येतं. म्हणजे सरकारने माणूस आधी ठरवायचा आणि खटल्याबिटल्याच्या भानगडीत न पडता लष्कराकडून किंवा हेरखात्याकडून त्याला मारायचं. 'लक्ष्यित हत्या' लिहिलं तर वाचणारा अडखळतो. 'टार्गेट किलिंग' तसंच ठेवावं, तर आपल्या वर्तमानपत्रांत ते २०२१ पासून काश्मीरमध्ये दहशतवाद्यांनी वेचून मारलेल्या लोकांसाठी रुळलंय: औषधाचे दुकानदार, शिक्षक, बिहारमधून आलेले मजूर. मारणारं सरकार असेल तर बातमीत 'खात्मा' नाहीतर 'कंठस्नान' असतं. काय वापरू?

तिरकीरेघ:
'वध' वापरू नका, एवढं आधी सांगतो. कंसाचा वध, कीचकाचा वध, अफझलखानाचा वध. वध म्हटला की मेलेला दुष्ट ठरला, मारणाऱ्याला पुण्य लागलं आणि विषय मिटला. 'गांधीवध' म्हणणारा कोण आणि 'गांधीहत्या' म्हणणारा कोण, हे आपल्याला पुढचं वाक्य ऐकायच्या आत कळतं. १८९७ साली पुण्यात रँडला मारलं तो इंग्रजांच्या लेखी खून होता, आपल्याकडे अनेकांनी त्याला वधच म्हटलं. 'हत्या'ला मात्र पापाचा वास आहे: ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या. मधला, नुसतं घडलं ते सांगणारा शब्द आपल्याकडे 'ठार मारणे' एवढाच, आणि त्याचं नाम करायला गेलं की जमत नाही.

पानगळ:
कोर्टाच्या मराठीत याच्या उलट आहे. तिथे 'सदोष मनुष्यवध' असतो आणि त्यातलाच अधिक गंभीर प्रकार 'खून'. म्हणजे कायद्याच्या लेखी वध हा साधा शब्द, पुण्यबिण्य काही नाही. पण मासिकाचा वाचक 'वध' वाचताना दंडसंहिता आठवणार नाही, त्याला प्रतापगडच आठवणार. तेव्हा तिरकीरेघ यांच्याशी सहमत.

इस्राएलमध्ये हिब्रूत याला 'सिकूल मेमुकाद' म्हणतात. केंद्रित प्रतिबंध, असा काहीसा अर्थ. त्यात मरणाचा उल्लेखच नाही! मारलेला माणूस पुढे जे करणार होता ते टाळलं, असा दावा शब्दातच बसवलेला आहे, आणि तो तपासता येत नाही, कारण माणूस गेलेला असतो. सरकारी शब्द असाच घडवतात. आपल्याकडच्या 'चकमकी'चं काय झालं ते आठवा.

जुनाबारगीर:
तुम्ही सगळे 'हत्या'कडे झुकताय, मला ते पटत नाही. १८ एप्रिल १९४३ रोजी अमेरिकेने जपानच्या यामामोतोचं विमान बूगनव्हिलवर पाडलं. त्याचा दौऱ्याचा संदेश फोडून, वेळ साधून, खास त्यालाच मारण्यासाठी. ती हत्या? गणवेशातला दर्यासारंग, उघड युद्ध चालू. शत्रूचा सेनापती टिपणं हे युद्धच आहे, आणि एक सेनापती टिपून हजार शिपाई वाचत असतील तर त्यात अनैतिक काय? उलट शहरं बेचिराख करण्यापेक्षा हे बरं. 'हत्या' लिहिलंत की तुम्ही निकाल देऊन मोकळे झालात.

पानगळ:
यामामोतोबद्दल वाद नाही. अडचण गणवेश नसलेल्यांची. तो सैनिक धरायचा, की गुन्हेगार? सैनिक असेल तर झोपेतही मारता येतो. गुन्हेगार असेल तर आधी पकडायला हवा.

इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये यावर निकाल दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती अहरोन बराक यांचं. त्यांनी सरसकट बंदी घातली नाही आणि सरसकट मोकळीकही दिली नाही. माहिती पक्की हवी. पकडणं शक्य असेल तर मारायचं नाही. आजूबाजूच्या निरपराधांची हानी लष्करी फायद्याच्या मानाने जास्त होता कामा नये. आणि नंतर स्वतंत्र चौकशी व्हायलाच हवी.

यातली दुसरी अट वाचली की मराठी माणसाला शनिवारवाडा आठवायला हरकत नाही. १७७३ साली नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असा हुकूम होता आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, ही आख्यायिका. इतिहास म्हणून ती कितपत टिकते हा वेगळा विषय. पण धरावे आणि मारावे यांत एका अक्षराचं अंतर असतं आणि ते अक्षर कोणी, कुठे बदललं हे शोधायला रामशास्त्री लागतात, एवढं त्या गोष्टीत आहे. ड्रोनने मारायच्या माणसांच्या यादीत 'ध'चा 'मा' कोण करतं? यादीच गुप्त, तर रामशास्त्र्यांनी चौकशी कशाची करायची?

शाईदौत:
हे लेखात घालू का? मूळ लेखकाचं नाही, पण तळटीप म्हणून?

तिरकीरेघ:
तळटीपेत घाला, मजकुरात नको. गाझाच्या लेखात आनंदीबाई आल्या तर मूळ लेखक बिचारा गोंधळेल.

जुनाबारगीर:
बरं, निरपराधांचं बोलू. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे कुठल्याही युद्धात आलंच.

तिरकीरेघ:
आता या म्हणीकडेच बघा. 'जळतं' म्हटलंय. जाळणारा वाक्यात नाहीच, आग जणू आपोआप लागली. २२ जुलै २००२ च्या रात्री हमासच्या सलाह शहादेला मारायला इस्राएलने गाझाच्या दाट वस्तीत एक टनाचा बॉम्ब टाकला. तो मेला, आणि त्याच्याबरोबर किमान १३ सामान्य माणसं मेली, बहुतेक बायका-मुलं. वस्ती दाट आहे हे आधी माहीत होतं. पुढे सरकारनेच नेमलेल्या समितीने २०११ मध्ये हानी प्रमाणाबाहेर झाल्याचं मान्य केलं, पण गुन्हा कोणाचाच ठरवला नाही. २००३ मध्ये इस्राएलच्याच २७ वैमानिकांनी अशा कामगिऱ्यांवर जाणार नाही असं पत्र लिहिलं होतं. त्या लोकांना विमान चालवता येत होतं, तुमच्याइतकंच युद्धही कळत होतं.

काबूलचं घ्या. २९ ऑगस्ट २०२१, अमेरिकी ड्रोन, १० मेले, त्यांत ७ मुलं. आधी सांगितलं की बॉम्ब नेणारी गाडी उडवली. गाडी एका मदतसंस्थेच्या कर्मचाऱ्याची निघाली. तिथे पत्रकारांची गर्दी होती म्हणून तीन आठवड्यांत कबुली आली. पाकिस्तानातल्या वझिरीस्तानच्या डोंगरात ड्रोन हल्ले झाले, तिथे कोण पोचणार होतं?

जुनाबारगीर:
आणि त्याच काबूलमध्ये ३१ जुलै २०२२ ला अल-कायदाचा प्रमुख जवाहिरी अमेरिकी ड्रोनने घराच्या सज्जात मेला, दुसऱ्या कोणाला इजा झाल्याचं कळलं नाही. तंत्र सुधारतं. आधीची चूक म्हणजे पद्धतच चूक असं नव्हे.

पानगळ:
नेम सुधारला हे खरं. पण परिणामांचं गणित नेमावर ठरत नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये इस्राएलने लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेचा प्रमुख अब्बास मुसावीला मारलं, सोबत त्याची बायको आणि लहान मुलगा. महिन्याभरात ब्यूनोस आयर्समधल्या इस्राएली वकिलातीवर हल्ला झाला, २९ मेले. मुसावीच्या जागी आला हसन नसरल्ला, तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला, आणि पुढची ३२ वर्षं तो इस्राएलला पुरून उरला. जानेवारी १९९६ मध्ये हमाससाठी बॉम्ब बनवणाऱ्या याह्या अय्याशला मोबाइलमधल्या स्फोटाने मारलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बसगाड्यांत नि रस्त्यांवर स्फोट झाले, सुमारे ६० लोक गेले, आणि मे महिन्यातल्या निवडणुकीत इस्राएलचे पंतप्रधान पेरेस एका टक्क्याहून कमी मतांनी हरले. स्फोट एरवीही झालेच असते असं म्हणणारे आहेत, त्यांना खोटं पाडता येत नाही. इराणचा सेनानी सुलेमानीला अमेरिकेने ३ जानेवारी २०२० ला बगदाद विमानतळाजवळ मारलं. ८ तारखेला इराणने अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रं डागली आणि त्याच पहाटे तेहरानवरून निघालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणनेच चुकून पाडलं. १७६ प्रवासी आणि कर्मचारी. ते कोणाच्या हिशेबात धरायचे?

जुनाबारगीर यांच्या बाजूचंही सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये नसरल्लाला मारल्यावर हिजबुल्ला खरोखर खिळखिळी झाली, दोन महिन्यांत युद्धविराम झाला. पण तेव्हा एकटा नसरल्ला मारला नव्हता. आख्खी वरची फळी गेली, आणि दक्षिण लेबनॉनवर पूर्ण युद्ध लादलं होतं. श्रेय नेमून मारण्याला द्यायचं की युद्धाला?

तिरकीरेघ:
थांबा, 'नेमून मारणं'! हे चांगलं आहे की. नेम आणि नेमणूक दोन्ही त्यात आहेत.

शाईदौत:
मलाही आवडलं, पण वाक्यात विशेषण म्हणून चालवायला कठीण. असं करते: पहिल्यांदा येईल तिथे 'नेमून केलेली हत्या (सरकारी भाषेत टार्गेटेड किलिंग)' आणि पुढे नुसतं 'नेमकी हत्या' नको, 'नेमून मारणे'. यामामोतोसारखं उदाहरण आलं तर 'टिपलं' लिहीन. 'सिग्नेचर स्ट्राइक' मात्र अजून सुटलेलं नाही. तिथे माणसाचं नावही ठाऊक नसतं. वागण्याच्या पद्धतीवरून संशय येतो आणि ड्रोन सोडतात. त्याला 'नेमून' म्हणता येईल?

जुनाबारगीर:
नाही. ते मीही नेम म्हणणार नाही. 'अंदाजाने मारणे' लिहा.