सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप: मोबाइल नंबर आणि थकबाकीची यादी

पागोळी: आमच्या सोसायटीत ८४ सदनिका, ग्रुपमध्ये १३० जण. मालक, भाडेकरू, घर विकून गेलेलेही. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. दलालांच्या फोनना कंटाळून काही महिला ग्रुप सोडतात, मग टाकी धुण्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यात थकबाकीदारांची नावे दरमहा ग्रुपवर टाकावीत, असा कमिटीत आग्रह आहे. काय करावे?

उंबरठा: नंबर लपवायला नियम पुरत नाहीत, रचनाच बदलावी लागते. व्हॉट्सॲपवर नवी कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र ठेवणारी सोय, उघडा. तिच्या सूचना-ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ॲडमिनना मात्र दिसतात, म्हणून ॲडमिन दोनच ठेवा. चूक होते ती इथे: जुना ग्रुप तसाच कम्युनिटीला जोडला की त्यात नंबर पूर्वीसारखेच उघडे राहतात. तो बंदच करा. गप्पांचा ग्रुप वेगळा, ऐच्छिक. त्यात आल्यावर नंबर दिसेल हे आधी सांगा. लिंक लिफ्टमध्ये चिकटवू नका. चिकटवली असेल तर रीसेट करा आणि नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल असे ठेवा.

खतावणी: यादीला माझा ठाम विरोध. सदनिका क्रमांक न लिहिता केलेले एनईएफटी जमा-नोंदीशिवाय पडून राहते आणि पैसे भरलेला माणूस थकबाकीदार ठरतो. 'सर्वांसाठी डिलीट' सुमारे ६० तासच चालते; स्क्रीनशॉट तर कायमचा. सभासदाला ताळेबंद, इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. शेजाऱ्याचे खाते भाडेकरूंनी वाचावे असा नाही. ग्रुपवर फक्त एकूण थकीत रक्कम सांगा. ज्याचे त्याला बिल आणि लेखी नोटीस द्या. व्याज सरळच लावा, उपविधींत (सोसायटीच्या नियमावलीत) दिलेल्या कमाल दरापेक्षा जास्त नको. तरीही भरले नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करा. बदनामीपेक्षा हा मार्ग खरा, कारण रक्कम जमीन महसुलासारखी वसूल होते.

पागोळी: दोघांचे आभार. पण नंबर नसतील तर वाट अडवणारी गाडी कोणाची, हे रात्री कसे कळणार?

उंबरठा: गाडी क्रमांक आणि सदनिका क्रमांक एवढीच वही गेटवर ठेवा, मोबाइल नंबराचा रकाना नकोच. सुरक्षारक्षक इंटरकॉमवर कळवेल. आणि वादाच्या विषयावर ग्रुपमध्ये पोल घेऊ नका. कोणी काय मत दिले ते सगळ्यांना दिसते, त्यामुळे भाडेकरू गप्प बसतात.