मदत हवी आहे: दहा तास झोपूनही अंग आंबलेलंच

नमस्कार मंडळी. मी हर्णैचा, मासेमारी बोटीवर खलाशी, वय 38. 1 जूनला पावसाळ्यातली मासेमारी बंदी लागली, होड्या शाकारून झाल्या, तेव्हापासून रात्री नऊला आडवा होतो तो सकाळी सात-साडेसातला उठतो. दुपारी पेज जेवून परत दोन तास. एवढं झोपून ताजंतवानं वाटायला हवं ना? उलट डोकं जड, पाय ओढत चालल्यासारखे. समुद्रावर असताना तुकड्यातुकड्यांत जेमतेम पाच तास मिळायची, तरी जाळं ओढायला अंगात जोर असायचा.

आई म्हणते, झोप वाढवावी तेवढी वाढते. वाचलं त्यावरून एवढं कळलं की मोठ्या माणसाला साधारण 7 ते 9 तास पुरतात, आणि उठायची वेळ सरकली की शरीराचं घड्याळ बिघडतं. गाढ झोपेतून एकदम उठलं की सुस्ती राहते म्हणे. पावसात घरात अंधार, उजेडाचा पत्ता नाही, तेही कारण असेल का? की बोटीवर कमी पडलेल्या झोपेची उधारी आता फिटतेय?

बायकोची तक्रार वेगळीच: मी प्रचंड घोरतो, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो. (बोटीवर इंजिनाच्या आवाजात कोण ऐकणार!) असं असेल तर तास मोजून उपयोग नाही, झोपच नीट लागत नाही, असं शेजारच्या नर्सताई म्हणाल्या. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासायलाही सांगितलंय.

कोणाला असा अनुभव आहे? आधी रक्त तपासू की घोरण्याचं बघू? दापोली-रत्नागिरीकडे झोपेची तपासणी कुठे होते?