विषय: हॉलसाठी इंजिनिअर्ड ओक घ्यायचंय, कुणी घातलंय का?

नमस्कार मंडळी,

घराची चावी मिळाली एकदाची, १९६०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड आहे, राहायला जायच्या आधी खालच्या मजल्यावरचं सगळं कार्पेट काढून टाकायचं ठरलंय. हॉल आणि डायनिंग मिळून ३२ स्क्वेअर मीटर, खाली काँक्रीट. मागच्या किचन एक्स्टेंशनमध्ये आधीच्या मालकांनी पाण्याचं अंडरफ्लोअर हीटिंग घातलंय, तिथेही तेच फ्लोअरिंग पुढे न्यायचा विचार आहे. इंजिनिअर्ड ओक (वर खऱ्या ओकचा थर, खाली प्लायवूड अशा फळ्या) आवडलंय पण दुकानात गेलं की गोंधळ उडतो, १४/३, १५/४, २०/६, ब्रश्ड, स्मोक्ड, लॅकर्ड, ऑइल्ड, त्यात परत प्राइम आणि रस्टिक, आणि भावात एवढा फरक की नक्की कशाचे पैसे देतोय तेच कळत नाही. आईबाबा वर्षातले बरेच महिने इथे असतात, आई खाली बसून विळीवर भाजी चिरते, पूजा खालीच, दीड दिवसाचा गणपती असतो. काही मित्र म्हणतात लॅमिनेट टाक आणि मोकळा हो. काय बघून घ्यावं सांगा प्लीज.

— स्लाऊ

---

अभिनंदन! घर लाभो.

रंग आणि सॅम्पल आत्ता बाजूला ठेवा. आधी खाली काय आहे ते बघा, कारण लाकडाची फ्लोअर वरून क्वचितच खराब होते, खालून ओल आली की ती गेली. त्या काळातल्या बऱ्याच घरांमध्ये काँक्रीटखाली आजच्यासारखा प्लास्टिकचा ओलरोधक थर नसतो. फिटर आला की त्याला हायग्रोमीटर टेस्ट करायला सांगा, स्लॅबवर बंद डबी चिकटवून दोनतीन दिवस ठेवतात आणि आतली आर्द्रता मोजतात, ७५ टक्क्यांच्या वर असेल तर आधी इपॉक्सीचा ओलरोधक कोट मारायचा, मगच लाकूड. हाताच्या मीटरने टकटक करून "ड्राय आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. दुसरं म्हणजे सपाटी, दोन मीटरची सरळ पट्टी ठेवली तर खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसायला नको, नाहीतर लेव्हलिंग कंपाउंड ओतावं लागतं, नाही ओतलं तर फळ्या पायाखाली दबतात आणि वर्षभरात कुरकुरायला लागतात.

आता ते आकडे. १४/३ म्हणजे एकूण जाडी १४ मिमी, त्यातला वरचा खरा ओक ३ मिमी, खाली प्लायवूड. अख्खा ओक हवेतल्या दमटपणाने रुंदीत फुगतो आणि हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की आकसतो, प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते फुगणं बरंच आवरलं जातं, इंजिनिअर्डचा खरा फायदा तो. स्वस्त मालात वर अर्ध्या-पाऊण मिमीचं व्हेनिअर असतं, ते कधीच घासून नवं करता येत नाही. युरोपियन स्टँडर्ड ईएन १३४८९ मध्ये या प्रकारच्या लाकडी फ्लोअरिंगला वरचा थर किमान २.५ मिमी लागतो, त्याच्या खाली जाऊच नका. तसंच २०/६ चा मोहही नको, ती जाडी थेट जॉइस्टवर (फ्लोअरखालच्या लाकडी तुळयांवर) ठोकायला असते, काँक्रीटवर १४/३ किंवा १५/४ भरपूर झालं. वाचलेले पैसे खालच्या तयारीत घाला.

हीटिंगवर तर पातळच बरं, कारण लाकूड उष्णता अडवतं. लाकडाच्या पृष्ठभागाचं तापमान २७ अंशांच्या वर जाता कामा नये, तसा फ्लोअर सेन्सर लावून घ्या, आणि थंडी सुरू झाली की हीटिंग एकदम चढवायचं नाही, रोज थोडं थोडं वाढवायचं. तिथे पूर्ण चिकटवून घेतलेलं चांगलं, लवचिक ग्लूने.

लॅमिनेट वाईट नाही, पण तो फायबरबोर्डवर छापलेला फोटो आहे, सांध्यात पाणी गेलं की कडा फुगतात आणि मग फळी बदलण्याशिवाय इलाज नाही. आईबाबा खाली बसणार असतील तर लाकडाचा स्पर्श वेगळाच, त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी घाला असं माझं स्पष्ट मत आहे.

— रेडिंग

---

काकांनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त फिनिशबद्दल लिहिते कारण आपल्या घरात जमिनीवर काय काय होतं ते दुकानदाराला माहीत नसतं.

लॅकर म्हणजे वरून पारदर्शक कवच, पुसायला सोपं, पण चौरंग ओढताना खोल चरा पडला की तेवढ्यापुरता दुरुस्त होत नाही, दिसतोच, अख्खी खोली घासावी लागते. हार्डवॅक्स ऑइल लाकडात मुरतं, डाग पडला तर तेवढीच जागा हलक्या हाताने घासून परत तेल लावता येतं. म्हणून मी ऑइल्डच म्हणेन, आणि ब्रश्ड, त्यात बारीक ओरखडे रेषांमध्ये मिसळून जातात. पण वर्षा-दोन वर्षांनी चालण्याच्या वाटेवर तेलाचा हात द्यावा लागतो, ती तयारी हवी.

विळीचं वाचून मुद्दाम लिहिते आहे. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं, ओलं लोखंड त्याला लागलं की निळसर काळा डाग पडतो, आणि तो आत मुरतो, पुसून जात नाही. ओली विळी, धुतलेला लोखंडी तवा, भांड्याची स्टीलची घासणी, यातलं काहीही थेट फळीवर टेकवायचं नाही. आईंना विळीखाली एक जाड ताट किंवा रबराची चटई देऊन टाक. डाग पडलाच तर ऑक्झॅलिक ॲसिडने निघतो, पण हातमोजे घालून, आणि नंतर तिथे परत तेल. हळदीचा डाग त्यामानाने सोपा, लगेच पुसायचा, जो पिवळेपणा उरतो तो उन्हात बराच फिका होतो. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, पायाखाली आली की पॉलिशपेपरसारखी घासते आणि फळ्यांमधल्या खाचेत जाऊन बसते, तेव्हा रांगोळी पाटावर किंवा बोर्डवर काढ. समईखाली तबक. गणपतीत आंघोळीचं, अभिषेकाचं पाणी सांडलं तर जागच्या जागी कोरडं करायचं, एवढं पथ्य पाळलं तर काही होत नाही. आणि स्टीम मॉप कधीच नाही! पोछा घट्ट पिळलेला.

— मिल्टन कीन्स

---

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडं अवांतर: लीझ आधी वाचा. इथल्या बऱ्याच लीझमध्ये वरच्या मजल्यांवर कार्पेटच हवं असं लिहिलेलं असतं, फ्रीहोल्डरच्या (इमारतीच्या मूळ मालकाच्या) लेखी परवानगीशिवाय लाकूड घातलं तर काढायला लावू शकतात. परवानगी मागताना अकूस्टिक अंडरलेची (फळ्यांखाली घालायच्या आवाज दाबणाऱ्या थराची) माहिती सोबत जोडा, खालच्यांना पावलांचा आवाज जातो ही खरी अडचण असते.

— क्रॉयडन

---

काका, ताई, खूप खूप आभार, विळीचं आईला आजच फोनवर सांगितलं. एक विचारायचं राहिलं. संध्याकाळी हॉलच्या कोपऱ्यातलं कार्पेट थोडं उचलून बघितलं, खाली काळपट तपकिरी चौकोनी टाइल्स आहेत, साधारण वीतभर, काळ्या डांबरासारख्या गोंदाने चिकटवलेल्या, एकदोन कडेला चिरलेल्या. शनिवारी छिन्नी हातोडी घेऊन काढाव्यात म्हणतोय, भाचा येणार आहे मदतीला. मग सगळीकडे ग्लू-डाउन करता येईल ना?

— स्लाऊ

---

थांबा, हात लावू नका. त्या काळातल्या तशा टाइल्समध्ये आणि त्या काळ्या गोंदातही अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते, ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९मध्ये आली. छिन्नीने फोडणं, सँडर फिरवणं, झाडणं, व्हॅक्यूम करणं, काहीही नको, आणि भाच्याला तर त्या खोलीत कामाला लावूच नका. कार्पेट होतं तसं अलगद खाली टाका. मान्यताप्राप्त लॅबकडून नमुना तपासून घ्या, शक्यतो त्यांचाच माणूस येऊन नमुना घेऊ दे.

अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तरी घाबरू नका. टाइल्स घट्ट बसलेल्या असतील तर बऱ्याचदा त्या तशाच ठेवून वरून झाकतात, तो काळा गोंद थोडीफार ओलही अडवतो. मग हॉलमध्ये अंडरले घालून फ्लोटिंग (फळ्या खाली न चिकटवता एकमेकींत अडकवून), कारण अशा टाइल्सवर चिकटवलं आणि पुढे कधी उपटायची वेळ आली तर सगळंच हलेल. किचनमध्ये हीटिंगवर ग्लू-डाउन. दोन पद्धती जिथे भेटतात तिथे दाराखाली पट्टी घ्यावी लागेल, ती ओकचीच मिळते. फ्लोटिंगला चारी बाजूंनी १० ते १२ मिमी जागा सोडायची, ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली) झाकली जाते, आणि उंची वाढणार म्हणून दारं खालून तासावी लागतील ते फिटरच्या कोटेशनमध्ये आहे का बघा. माल १० टक्के जास्त मागवा, पण रिपोर्ट येईपर्यंत ऑर्डर देऊ नका. आला की इथे लिहा, मग अंडरलेचं ठरवू.

— रेडिंग