गोदावरीच्या पाण्यावर कायदा कोणाचा?

प्रश्न (परभणी): पाऊस कमी झाला की जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद पेटतो, हीच गोदावरी पुढे तेलंगणात जाते. मग पाण्याविषयी कायदा करण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

उत्तर (नांदेड): राज्यघटनेतील राज्यसूचीच्या (राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीच्या) १७ व्या नोंदीत पाणी आहे, परंतु ती नोंद संघसूचीतील (केंद्राने कायदे करायच्या विषयांच्या यादीतील) ५६ व्या नोंदीच्या अधीन असल्याने, संसदेने सार्वजनिक हितासाठी कायद्याने तसे जाहीर केल्यास, त्या मर्यादेपर्यंत आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राकडे जाते. राज्याराज्यांतील तंट्यांसाठी १९५६ चा केंद्रीय कायदा आहे.

उत्तर (बीड): नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांचा वाद मात्र राज्यांतर्गत असून, त्याला विधिमंडळाचा २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा लागू होतो. त्यातील समन्यायी वाटपाची तरतूद आमच्यासाठी जीवनमरणाची आहे.