‘खुशबू जॅकेट’ म्हणजे नेमकं काय?

काजबटण, कोल्हापूर

मंगळवार पेठेत घरीच ब्लाउज शिवते. सव्वीस वर्षं झाली. माप कधी चुकलंच नाही असं म्हणणार नाही, पण गिऱ्हाईक काय मागतंय तेच कळलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोइमतूरचं कुटुंब भाड्यानं आलंय. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत. बाई परवा मोरपंखी सिल्कची साडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “दीदी, खुशबू जॅकेट चाहिए.” भर मे महिन्यात कोल्हापुरात जॅकेट! आणि खुशबू म्हणजे काय, अस्तराला अत्तर लावून देऊ? मी आपली टेप हातात धरून उभी.

मग त्यांनी मोबाईलवर जुनी, धुरकट क्लिप लावली. कुठलातरी टीव्हीवरचा खेळ. माईक धरून एक बाई हसत बोलतायत. भरलेलं अंग, अंगभर दागिने. बाही कोपरापर्यंत, काठ आडवा न लावता खांद्यापासून खाली उभा सोडलेला. तेवढ्यात कॅमेरा फिरला, मागचा गळा अर्धा सेकंद दिसला आणि गेला. वीस वेळा थांबवून बघितलं, नाडीला फुंदे आहेत की मोत्याचं लटकन, कळेना.

या बाई कोण? कार्यक्रम कुठला? चांगली क्लिप मिळेल का?

नुसताच_वाचक

जॅकेट म्हणजे ब्लाउज. तमिळमध्ये ब्लाउजला जॅकेटच म्हणतात. बाकीचं जाणकार सांगतील.

सुताचा_गुंता, इचलकरंजी

ताई, हा प्रश्न माझ्यासाठीच पडलाय.

माझा सूत दलालीचा धंदा. वीसेक वर्षांपूर्वी महिन्यातून एकदा तरी तमिळनाडूत इरोडला फेरी असायची. लॉजवर संध्याकाळी करायचं काय? खाली काउंटरला टीव्ही, त्याच्यासमोर मालक, मालकाची आई, दोन पोरं आणि मी. जया टीव्हीवर ‘जॅकपॉट’ लागायचा. सिनेमांवरचे प्रश्न, आणि सूत्रसंचालक खुशबू, तिकडची नटी. तुमच्या गिऱ्हाइकाची खुशबू हीच. मालकाची आई खेळाकडं बघतच नसे. बाई पडद्यावर आल्या की आधी साडी, मग बाही, मग गळा. पाठ वळली की म्हातारी खुर्चीतून पुढं सरकायची. मालक म्हणायचा, इथल्या शिंप्यांना या कार्यक्रमानं कामाला लावलंय. बायका दुसऱ्या दिवशी त्याच ब्लाउजचं वर्णन घेऊन हजर.

बाई मूळच्या तमिळ नाहीत. जन्म मुंबईचा, १९७० चा, पाळण्यातलं नाव नखत खान. ‘द बर्निंग ट्रेन’ (१९८०) मधल्या पोरांत ती आहे. ‘दर्द का रिश्ता’ (१९८२) आठवतोय? सुनील दत्त, स्मिता पाटील, आणि ती ब्लड कॅन्सर झालेली मुलगी? तीच ही. आमच्या आईनं तो बघून दोन दिवस जेवण नीट केलं नव्हतं.

मोठी झाल्यावर हिंदीत बस्तान बसलं नाही. १९८६ मध्ये व्यंकटेशबरोबर तेलुगूत ‘कलियुग पांडवुलू’, १९८८ मध्ये रजनीकांत आणि प्रभूच्या ‘धर्मत्तिन तलैवन’मधून तमिळमध्ये. पुढच्या वर्षी दिग्दर्शक फाझिलचा ‘वरुषम १६’ आला आणि गाडी सुटली. १९९१ चा ‘चिन्न तंबी’ तर विचारू नका. त्यावरूनच आपला ‘अनाडी’ निघाला, करिश्मा कपूरनं केलेली भूमिका मूळची खुशबूची. तिरुचिरापल्लीत चाहत्यांनी तिचं देऊळ बांधलं ते याच लाटेत. १९९२ मध्ये ‘अण्णामलै’त रजनीकांतची बायको झाली, तोही आपल्या ‘खुदगर्ज’चा अवतार.

आता खरी गंमत ऐका. त्या गाजलेल्या काळात पडद्यावर चेहरा तिचा आणि आवाज दुसरीचा. तमिळ येतच नव्हतं, डबिंग व्हायचं. देऊळ बांधणाऱ्यांनी सिनेमात तिचा आवाज कुठं ऐकला होता? तो घराघरात गेला टीव्हीमुळं. ‘जॅकपॉट’मध्ये डबिंगवाली बाई कुठून आणणार? समोर सासू-सून बसलेल्या, त्यांच्याशी तिथल्या तिथं बोलायचं, चिडवायचं, हरली तर समजूत घालायची. उच्चार मुंबईचे राहिले असतील, पण लॉजवाली म्हातारी तिच्या वाक्यावर हसायची, वाक्य संपायच्या आधी. सिनेमात नायिका म्हातारी झाली की तिला आई करतात. ही टीव्हीवर आली आणि घरची मोठी जाऊ झाली. मला विचाराल तर देवळापेक्षा हे अवघड काम.

जाता जाता, इरोडकडं ‘खुशबू इडली’ मिळते. तांदूळ-उडदात साबुदाणा भिजवून वाटतात, काही ठिकाणी एरंडीच्या बियासुद्धा. बोट लावलं की दबते आणि परत फुगते. साबुदाणा तिथं शेजारच्या सेलमचाच. आपण एकादशीला खिचडी करतो तो बहुतेक तिकडूनच येतो, हे आमच्या घरी कुणाला पटत नाही.

हिरण्यकेशी, गडहिंग्लज

सूतदादा, कन्नड विसरलात! ‘रणधीर’ (१९८८), रविचंद्रनबरोबर. आपल्या सुभाष घईंच्या ‘हिरो’चा कन्नड अवतार, पण हंसलेखांची गाणी अशी की मूळ विसरावं. आम्ही मामाकडं संकेश्वरला गेलो की टेपवर तेच. आम्हाला ती तमिळची आहे हेच माहीत नव्हतं, कर्नाटकाचीच पोर वाटायची. अलीकडं तिच्या घरच्या कंपनीची ‘नंदिनी’ मालिका तमिळबरोबर कन्नडमध्येही निघाली होती, सून-नागीण-बदला सगळं. माझी मामी ती बघताना फोन उचलत नसे.

पण काजबटण ताई, क्लिपमधली बाई खुशबूच आहे ना? पुढं ‘जॅकपॉट’ नदिया ही दुसरी नटीही करायची. दोघींच्या ब्लाउजात जमीन-अस्मानाचा फरक. नदियाचं सगळं आवरलेलं, सुटसुटीत.

सुताचा_गुंता

बरोबर. तीही मुंबईत वाढलेली. ‘भरलेलं अंग, अंगभर दागिने’ म्हणजे नदिया नव्हेच.

खडा_मीठ

एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. आधी द्रमुक, मग काँग्रेस, मग भाजप. २०२१ ला विधानसभेला चेन्नईत थाउजंड लाइट्समधून पडल्या. प्रेक्षकांची मोठी जाऊ मतपेटीत कुठं गेली?

सुताचा_गुंता

मतांचं मी बोललोच नाही. टीव्ही बघणारा आणि मत देणारा माणूस एकच असला तरी त्याचे हात दोन असतात. आणि पक्ष बदलण्यावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसानं बोलावं का, विचार करा.

तिच्या हिमतीचं मात्र मानतो. २००५ मध्ये लग्नाआधीच्या संबंधांबद्दल ती एका मुलाखतीत बोलली, तर तमिळनाडूभर मोर्चे आणि वीसहून जास्त फौजदारी तक्रारी. ज्यांनी देऊळ बांधलं त्याच राज्यात. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१० मध्ये कोर्टानं सगळ्या तक्रारी रद्द केल्या. पाच वर्षं कोर्टाच्या तारखा म्हणजे काय, हे ज्याचा चेक बाउन्सचा दावा चाललाय त्याला विचारा. म्हणजे मला.

खडा_मीठ

जिल्ह्याचं बोलायचं काम नव्हतं. बाकी मान्य.

काजबटण

सगळ्यांचे आभार. सूतदादा, तुमची म्हातारी मला फार आवडली. मीही आता कार्यक्रम तसाच बघते.

हिरण्यकेशी ताईंनी दुसरी क्लिप पाठवली त्यात पाठ स्वच्छ दिसली. फुंदे नाहीत, लटकनही नाही. साडीच्याच पदराचं कापड गोळा करून केलेली दोन गोंड्यांची नाडी आहे, टोकाला जरीची गुंडी. महाद्वार रोडला तीन दुकानं फिरले तशा गुंडीसाठी, शेवटी एका जुन्या टोपपदरी साडीचा काठ उसवून मीच वळली. बाहीचा काठ उभा लावायचा म्हणजे तिरप्या कापडावर जर ओढते, चुण्या पडतात. पहिली बाही दोनदा उसवली. मग आतून कॅनव्हासची दोन बोटं रुंद पट्टी दिली, तेव्हा सरळ बसली.

काल ट्रायल झाली. बाईंनी आरशात आधी पाठ बघितली, मग तोंड. दंडात अर्धा इंच सैल मागितलंय, तेवढं करून देते.

आता त्यांची नणंद सुट्टीला आलीय. तिनं तीन ब्लाउजपीस टाकलेत आणि तिला ‘नदिया जॅकेट’ पाहिजे. हिरण्यकेशी ताई, तुम्हीच सुरू केलंत, आता क्लिप पाठवा.