नीतिसूत्रांचा 31 वा अध्याय आईला वाचून दाखवायचा की आईसाठी गायचा?

संत्रानगरीकर

या वर्षीच्या मातृदिनानंतर मनात राहिलेला एक प्रश्न येथे मांडतो. मे महिन्यातला दुसरा रविवार आणि नागपूरचे ऊन, म्हणून उपासना सकाळी सातलाच ठेवली होती. दाराशी संडे स्कूलची मुले प्रत्येक आईला एक गुलाब आणि लॅमिनेट केलेली एक पट्टी देत होती. पट्टीवर बायबलमधल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकाच्या 31 व्या अध्यायातल्या स्त्रीचे गुण ओळीने छापले होते: रात्र सरण्याआधी उठून घरच्यांना अन्न देणारी, रात्री दिवा न विझू देणारी, आळसाची भाकर न खाणारी. उपदेशही त्याच अध्यायावर झाला आणि शेवटी मातांना उभे करून, आपण यात कोठे कमी पडतो याचा विचार करायला सांगण्यात आले. घरी परतताना पत्नी एवढेच म्हणाली, "आपला दिवा रात्री विझत नाही, हे विजेच्या बिलावरून सिद्ध करता येईल." ती हसली खरी, पण पट्टी तिने पर्समधून बाहेर काढली नाही.

माझा आक्षेप वचनाला नाही, ते ज्या रीतीने मातांपुढे ठेवले जाते त्या रीतीला आहे. या अध्यायाची 10 ते 31 ही 22 वचने म्हणजे एक कविता आहे. हिब्रू वर्णमालेतही 22 अक्षरे असून प्रत्येक वचन क्रमाने एकेका अक्षराने सुरू होते. यहुदी घरांत शुक्रवारी सायंकाळी शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतिदिवसाच्या, जेवणापूर्वी पती ही कविता पत्नीसाठी म्हणतो, म्हणजे ती पत्नीच्या कानावर पडते ती स्तुती म्हणून. आपण 'सद्गुणी' असे वाचतो तेथे मूळ शब्द 'हायिल' आहे आणि तो शूर योद्ध्यांसाठी व सैन्यासाठीही येतो. हेच विशेषण बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत शेतमालक बवाज तिला देतो, तेव्हा ती परदेशी विधवा आहे, तिला मूल नाही आणि ती दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून जगते आहे. पट्टीवरची एकही गोष्ट तेव्हा तिच्याकडे नव्हती.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे याच अध्यायाची पहिली नऊ वचने आपण वगळतो. त्या नऊ वचनांत राजा लमुवेलाची आई स्वतः बोलते. आपले बळ स्त्रियांपायी घालवू नकोस, मद्याच्या नादी लागून गरिबाचा न्याय विसरू नकोस, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड, असे ती मुलाला बजावते. आई जेथे बोलते तो भाग सोडून तिच्याविषयी जेथे बोलले जाते तेवढाच भाग आपण उचलला आहे. मुलांना प्रभूच्या शिक्षणात वाढवण्याची आज्ञा नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रात (6:4) बापांना उद्देशून आहे आणि मुलांना चिडवू नका ही कलस्सैकरांस पत्रातली (3:21) सूचनाही बापांनाच आहे. पण पितृदिनाला अशी पट्टी वाटलेली मी तरी पाहिलेली नाही.

निवृत्त शिक्षिका

भाऊ, आपला मुद्दा नीट मांडलेला आहे, तरी मला तो मान्य नाही. महिला मंडळात मी तीस वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्याला ती पट्टी मोजपट्टी वाटली, कारण आपण ती पत्नीच्या हातात पाहिली. स्वतःच्या हातात धरून तिच्या आधाराने दिवस काढण्याची वेळ आपल्यावर आलेली नाही. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन मी या शहरात आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या आणि माहेर चंद्रपूरला. बाळ रात्रभर रडायचे. तेव्हा मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई दर गुरुवारी येऊन माझ्या स्वयंपाकघराच्या पाटावर बसत, बाळाच्या पोटाला ओव्याचे शेक कसे द्यावे ते दाखवत आणि मग हाच अध्याय माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत. तीताच्या पत्रात वृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे असे सांगितले आहे, ते आमच्या घरी असे पाटावर बसून घडले. मेरी सम्नर यांनी 1876 मध्ये इंग्लंडमधल्या पतीच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या स्थानिक मंडळीत) मदर्स युनियन ही मातांची संघटना सुरू केली, ती एकटीने मूल वाढवण्याचे ओझे कोणत्याही आईवर पडू नये म्हणूनच. मातांना मार्गदर्शन करणे म्हणजे त्यांना दोष देणे, असे समीकरण आपण मांडले तर तरुण मुली शिकायच्या कोणाकडून? सध्या त्या मोबाईलवर शिकतात आणि तेथल्या पट्ट्या आमच्या पट्टीपेक्षा लांब असतात.

शिवाय 31 वे वचन पाहा. तिच्या हातांचे फळ तिला द्या, असे तेथे म्हटले आहे. अध्याय तिचे देणे देऊन संपतो, याची आपल्या लेखात नोंद नाही.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि आठवड्यातील चार रात्री वॉर्डमध्ये असते, तेव्हा दिवा विझत नाही हे वचन माझ्यापुरते अक्षरशः खरे आहे. काकूंना ज्या म्हाताऱ्या बाई भेटल्या तशा सगळ्यांना भेटत नाहीत. त्या अध्यायातल्या स्त्रीकडे दासी आहेत (वचन 15) आणि तिचा पती वेशीत गावच्या वडीलधाऱ्यांमध्ये बसणारा प्रतिष्ठित माणूस आहे (वचन 23). माझ्या घरी दोन्ही नाहीत. ज्या पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून पवित्र शास्त्र मराठीत आणले, त्यांच्याही घरी वेशीत बसणारा कोणी नव्हता; 1882 मध्ये त्या विधवा झाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

मला धीर येतो तो शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना हिच्याविषयीच्या एका वचनाने. शमुवेलाचे दूध तुटल्यावर तिने त्याला शिलोच्या मंदिरात एली याजकापाशी ठेवले, आणि 'पहिले शमुवेल' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात (2:19) लिहिले आहे की ती दरवर्षी यज्ञाला जाताना त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेत असे. माझा मुलगा वसतिगृहात आहे. दर सुटीपूर्वी त्याच्यासाठी शर्ट घेताना मी दुकानात उभी राहून हवेतच हात धरून अंदाज घेते: मागच्या वेळी खांद्यापर्यंत होता, आता कानापर्यंत आला असेल, बाही दोन बोटे जास्त घ्यावी का. हन्नेनेही असाच अंदाज घेतला असणार, कारण वर्षभर न पाहिलेल्या मुलाचे माप तिला कोण सांगणार? मूल जवळ नसलेल्या आईला शास्त्राने तेथे एका शब्दानेही दोष दिलेला नाही. मातृदिनाला हे वचन का वाचत नाहीत, एवढेच मला विचारायचे आहे.

ग्रीकचा विद्यार्थी

मूळ लेखातील एका मुद्द्यावर आक्षेप नोंदवतो. इफिसकरांस पत्रातील 'बापांनो' हा शब्द ग्रीकमध्ये 'पातेरेस' आहे, आणि या अनेकवचनाचा अर्थ केवळ पुरुष असाच होतो असे नाही. इब्री लोकांस पत्रात (11:23) मोशेला त्याच्या आईबापांनी तीन महिने लपवले असे आपण वाचतो, तेथेही मूळ शब्द हाच आहे; आणि निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात तर लपवण्याचे काम आईच करताना दिसते. त्यामुळे ही आज्ञा बापांची आहे, आईची नाही, एवढा मोठा निष्कर्ष त्या एका शब्दावर उभा राहत नाही.

संत्रानगरीकर

इब्री पत्राचा दाखला बरोबर आहे आणि मला तो ठाऊक नव्हता. तरीही त्याच अध्यायाचे पहिले वचन पाहावे. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे असे सांगताना पत्राचा लेखक पौल 'गोनेउस' या शब्दाचे अनेकवचन वापरतो, म्हणजे आई आणि बाप दोघेही. आणि तीन वचनांनंतर शब्द बदलून 'पातेरेस' म्हणतो. कलस्सैकरांस पत्रातही लागोपाठच्या दोन वचनांत हाच बदल आहे. दोघांसाठीचा शब्द नुकताच वापरलेला असताना लेखक तो सोडून देतो, ते सहज झाले असेल असे मला वाटत नाही. त्या काळच्या रोमी घरात मुलांवरचा अधिकार बापाचा होता. ज्याच्या हाती अधिकार, त्यालाच आवर घालण्याची सूचना, असा त्याचा अर्थ मी लावतो.

काकू, 31 व्या वचनाची नोंद राहिली ही माझी चूक आहे. परंतु आपल्याकडे आलेल्या बाई आधी शेक शिकवत होत्या आणि मग अध्याय वाचून घेत होत्या. आमच्याकडे शेक शिकवायला कोणी आले नाही, पट्टी मात्र आली.

एक आई

मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा दारूच्या व्यसनात आहे. एका प्रार्थनासभेत माझ्यासाठी प्रार्थना झाली आणि त्यानंतर एका बहिणीने माझा हात हातात घेऊन नीतिसूत्रांचे 22:6 म्हटले: मुलाच्या स्थितीला अनुरूप असे शिक्षण त्याला द्या, म्हणजे वृद्धपणीही तो त्यापासून फिरणार नाही. तिचा हेतू चांगला असेल. मला मात्र त्यातून एवढेच ऐकू आले की माझा मुलगा फिरला आहे, त्या अर्थी शिक्षण देण्यात मीच कमी पडले. त्यानंतर चार महिने मी त्या सभेला गेले नाही.

या काळात शास्त्र माझे मीच वाचले. एलीचे मुलगे वाईट निघाले. त्याच घरात वाढलेला शमुवेल चांगला निघाला आणि त्याच शमुवेलाचे मुलगे पुढे लाच घेऊ लागले. एलीला देव जाब विचारतो, कारण मुलांचे वागणे ठाऊक असूनही त्याने त्यांना आवरले नाही. शमुवेलाच्या मुलांबद्दल तक्रार घेऊन लोकांतले वडीलधारे शमुवेलाकडेच येतात. या मुलांच्या आयांना शास्त्रात कोणीही काही विचारत नाही. त्यांची नावेसुद्धा तेथे नाहीत. आणि यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव स्वतः म्हणतो की मी मुले वाढवली, लहानाची मोठी केली, आणि ती माझ्याविरुद्ध उठली. हे वचन सापडले त्या रात्री मी खूप दिवसांनी झोपले.

काटोल रोड

नीतिसूत्रे ही अनुभवी माणसाची निरीक्षणे आहेत, कराराची कलमे नव्हेत, एवढे जरी उपदेशकांनी सांगितले तरी 22:6 चा असा दुरुपयोग थांबेल. जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी, या छडीच्या वचनाचेही (13:24) तेच. तेथला 'शेवेट' हा हिब्रू शब्द 23 व्या स्तोत्रातल्या मेंढपाळाच्या आकडीच्या जोडीला येतो आणि तेथे ती काठी धीर देते. शाळेत मारण्यास 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. आमच्या काही घरांत मात्र वचनाचा आधार देऊन हात उचलला जातो, आणि दिवसभर मूल आईजवळ असल्याने तो बहुधा आईचाच असतो.

निवृत्त शिक्षिका

शब्द एक असला म्हणून छडीच्या वचनातली शिस्त नाहीशी होत नाही. याविषयी आपले जमणार नाही, तेव्हा तो वाद येथेच सोडते.

बाई, आपले लिहिलेले मी दोनदा वाचले. आपला हात धरणारी ती बहीण मी नव्हे, पण मी तेच वचन कितीतरी आयांपुढे म्हटले आहे हे कबूल करते. वचन काढून टाका असे मी तरीही म्हणणार नाही, कारण ते तरुण आईला म्हणायचे वचन आहे. जिचा मुलगा भरकटला आहे तिच्यापुढे ते ठेवू नये, हे मला आधीच कळायला हवे होते. आपण पुन्हा सभेला यावे असा आग्रह करणार नाही. मी घरी आले तर चालेल का, एवढे कळवावे.

संत्रानगरीकर, 31 वा अध्याय मी सोडणार नाही. मात्र पुढच्या वर्षी पहिली नऊ वचने एखाद्या आईने वाचावी आणि दहाव्यापासून पुढची पुरुषांनी उभे राहून म्हणावी, असे मी मंडळापुढे ठेवीन. पट्टी छापायची झाली तर हन्नेचा झगा त्यावर असेल.

रात्रपाळी

काकू, एक विनंती जोडते. माझी पाळी सकाळी आठला सुटते आणि उपासना सातला होती. आमच्या वॉर्डमधल्या आम्ही तिघी त्या दिवशी पोहोचलो तेव्हा कूलर बंद करून सतरंज्या गुंडाळणे चालू होते आणि बादलीत दोनच गुलाब उरले होते. ऊन असले तरी पुढच्या वर्षी वेळ नऊची ठेवता येईल का?